गायकवृंदासाठी गिटार घेताना : आधी कपाट पाहावे, मग दुकान

रविवारच्या मिस्साच्या वेळी हार्मोनियम, ऑर्गन किंवा की-बोर्ड यांच्या जोडीला गिटारचे स्वर ऐकू येणे आता आपल्या धर्मग्रामांत नवलाचे राहिलेले नाही. युवकांचे शिबिर असो, नाताळची कॅरोलगीते असोत वा वस्तीतील प्रार्थनासभा असो, हे वाद्य आपल्या भक्तिगायनात चांगलेच रुळले आहे. तथापि गायकवृंदासाठी गिटार विकत घेण्याचा प्रसंग येतो तेव्हा मात्र गोंधळ उडतो. वर्गणी गोळा झालेली असते, एखाद्या दानशूर कुटुंबाने आपल्या प्रियजनांच्या स्मरणार्थ रक्कम दिलेली असते आणि दुकानात भिंतीवर पन्नास गिटारी टांगलेल्या असतात. विक्रेता चकचकीत रंगाची, बटणांची रांग असलेली एक गिटार हातात देतो आणि सौदा दहा मिनिटांत उरकतो. दोन पावसाळ्यांनंतर तीच गिटार तारा दाबणे अशक्य झाल्यामुळे कपाटात पडून राहते. लोकांच्या घामाच्या पैशांचा असा शेवट होऊ नये, यासाठी या वाद्याची थोडी तपशीलवार ओळख करून घेणे उपयुक्त ठरेल. मध्यम अंदाजपत्रक म्हणजे साधारण २० ते ४० हजार रुपये, असे या लेखापुरते गृहीत धरले आहे.

गिटार आणि उपासना यांचे नाते वाटते तेवढे अलीकडचे नाही. ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ येथील संत निकोलस चर्चमध्ये २४ डिसेंबर १८१८ रोजी 'सायलेंट नाइट' हे गीत प्रथम गायिले गेले, तेव्हा साथीला गिटार होती आणि ती फादर जोसेफ मोर यांच्या हातात होती. (उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडल्याची कथा मोठी गोड आहे, पण संगीतकार फ्रान्झ ग्रूबर यांनी १८५४ साली स्वतः लिहिलेल्या वृत्तान्तात उंदीरही नाहीत आणि नादुरुस्त ऑर्गनही नाही.) पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी प्रसिद्ध केलेल्या पवित्र उपासनेविषयीच्या संविधानात पाइप ऑर्गनला मानाचे स्थान दिले. त्याच परिच्छेदात, पवित्र उपयोगाला साजेशी असलेली अन्य वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने वापरता येतील, असे म्हटले. त्या दारातून अनेक देशांत गिटार ख्रिस्तमंदिरात आली.

मोर यांच्या गिटारला वीज ठाऊक नव्हती. आपल्या मोठ्या ख्रिस्तमंदिरांत पाचशे भाविक एकसुरात गाऊ लागले की, साध्या गिटारचा आवाज पहिल्या चार बाकांपलीकडे पोहोचत नाही. समोर मायक्रोफोन ठेवावा तर तो शेजारच्या गायकांचा आवाजही टिपतो, वादक जरा हलला की आवाज जातो आणि ध्वनिवर्धक कर्कश शीळ घालू लागतो. म्हणून 'ॲकूस्टिक-इलेक्ट्रिक' गिटार हवी. आपल्याकडील दुकानांत तिला बहुधा 'सेमी-ॲकूस्टिक' म्हणतात. परदेशी माहितीपत्रकांत मात्र याच शब्दाचा अर्थ पोकळ अंगाची इलेक्ट्रिक गिटार असा निराळा होतो. इंटरनेटवरून मागवणाऱ्यांनी हा फरक ध्यानी ठेवावा.

वीज कोठे निर्माण होते?

या गिटारचे अंग साध्या गिटारसारखेच पोकळ आणि लाकडी असते. तारा जेथे बांधल्या जातात त्या लाकडी पट्टीला 'ब्रिज' म्हणतात व त्यात बसवलेल्या पांढऱ्या पातळ पट्टीला 'सॅडल'. या सॅडलखाली एक अरुंद संवेदक असतो. काही स्फटिकांवर दाब पडला की त्यांतून विद्युतदाब निर्माण होतो, हा शोध पिएर आणि झाक क्युरी या बंधूंनी १८८० साली लावला होता. तार छेडली की सॅडलवरचा दाब कंप पावतो, स्फटिक त्या कंपाचे विजेत रूपांतर करतो आणि गिटारच्या कडेला बसवलेला 'प्रीॲम्प' तो अशक्त संकेत सशक्त करून केबलमध्ये पाठवतो. अमेरिकेतील ओव्हेशन कंपनीने १९७० च्या सुमारास ही पद्धत यशस्वीपणे बाजारात आणली. आज मध्यम किमतीच्या बहुतेक गिटारींत हीच व्यवस्था असते.

या पद्धतीचा एक मोठा लाभ असा की, ती नायलॉनच्या तारांनाही चालते. इलेक्ट्रिक गिटारमधील चुंबकीय संवेदकाला लोखंडी तारच लागते. नायलॉनची तार त्याला ऐकूच येत नाही. दोषही सांगायला हवा. जोराने तारा झोडपल्या की या संवेदकाचा आवाज कोरडा, किंचित बदकाच्या ओरडण्यासारखा होतो. हा दोष स्वस्त गिटारीत अधिक, महाग गिटारीत कमी. पण तो पूर्णतः जात नाही. प्रीॲम्पवरील मधल्या व उंच स्वरांची बटणे थोडी खाली आणून आणि वादकाचा हात थोडा हलका करून त्यावर बरीच मात करता येते.

गिटार कोणाकडे राहणार?

कंपनी कोणती, हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. माझ्या मते तो तिसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा की, सोमवार ते शनिवार ही गिटार कोठे राहणार आणि तिची देखभाल कोण करणार? लाकडाची निवड यावर अवलंबून आहे आणि मध्यम अंदाजपत्रकातील मोठा फरक नेमका लाकडातच असतो.

गिटारची दर्शनी फळी, म्हणजे 'टॉप', दोन प्रकारची असते. एक 'सॉलिड', म्हणजे अखंड लाकडाची, बहुधा स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाची; दुसरी 'लॅमिनेट', म्हणजे पातळ थर चिकटवून केलेली, आपल्या ओळखीच्या शब्दांत प्लायची. गिटारचा आवाज मुख्यतः या फळीच्या कंपनातून येतो. अखंड फळी अधिक मोकळेपणाने कंप पावते, म्हणून तिचा नाद भरदार आणि खोल असतो. माहितीपत्रकात नुसते 'स्प्रूस टॉप' लिहिले असेल तर ती फळी प्लायचीही असू शकते. 'सॉलिड' हा शब्द स्पष्टपणे लिहिलेला असावा. खात्री करून घ्यायची असेल तर गिटारच्या गोल छिद्राची कड उजेडात धरून पाहावी. वरच्या पृष्ठभागावरील लाकडाच्या रेषा कडेच्या जाडीतूनही खाली उतरताना दिसल्या तर फळी अखंड आहे. आडवे थर दिसले तर प्लाय. मध्यम किमतीत पाठ आणि कडा जवळजवळ नेहमी प्लायच्याच असतात. त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही.

येथवर वाचून कोणीही म्हणेल, अखंड फळीचीच गिटार घ्यावी. पण लाकूड हवेतील ओलावा शोषते आणि सोडते. गिटारसाठी साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता योग्य मानली जाते. वसई, पालघर, मुंबई, रायगड या किनारपट्टीवर पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. त्यातच सहा लोखंडी तारांचा एकत्रित ताण सुमारे ७० किलोचा असतो, म्हणजे एक प्रौढ माणूस अहोरात्र ब्रिजला लोंबकळत असावा तसा! फुगलेली फळी या ताणाखाली ब्रिजच्या मागे उचलली जाते, तारा पट्टीपासून दूर जातात आणि नवशिक्याची बोटे सोलवटून निघतात. नागपूर, अमरावती किंवा मराठवाड्याकडील बांधवांची अडचण नेमकी उलटी आहे. तेथे एप्रिल-मे महिन्यांच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि अखंड फळीला चीर पडू शकते. प्लायच्या थरांचे तंतू एकमेकांना आडवे असल्यामुळे ते हवामानातील असे फेरफार पुष्कळ अधिक सोसते.

तेव्हा निर्णय असा होतो. गायकवृंदात एखादा जबाबदार वादक आहे, गिटार त्याच्या घरी कडक पेटीत राहणार आहे आणि तो ती रोज हातात घेणार आहे, तर अखंड फळीची गिटार निःसंशय घ्यावी. उलट, ती सॅक्रिस्टीतील भिंतीला लागून असलेल्या कपाटात राहणार असेल, आज एक तर उद्या दुसरा युवक ती वाजवणार असेल आणि ती सदैव ध्वनिवर्धकालाच जोडली जाणार असेल, तर प्लायच्या फळीची चांगली गिटार हाच शहाणपणाचा पर्याय आहे. त्यात कमीपणा मुळीच नाही. बीटल्सचे जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६२ साली घेतलेल्या गिब्सन जे-१६०ई या गिटारींचा टॉप प्लायचाच होता. कमी कंप पावणारी फळी ध्वनिवर्धकासमोर शीळही कमी घालते, हा त्यातील आणखी एक फायदा.

उदाहरणादाखल यामाहाचेच दोन नमुने शेजारी ठेवून पाहावेत. एफजीएक्स-८००सी या गिटारचा टॉप अखंड स्प्रूसचा असून अंग मोठे आहे. वीज गेली तरी तिचा आवाज छोट्या प्रार्थनासभेला पुरतो. एपीएक्स-६०० चा टॉप प्लायचा, अंग पातळ आणि तारेची कंप पावणारी लांबी ६३४ मिलिमीटर, म्हणजे पहिलीपेक्षा दीड सेंटिमीटरने कमी. त्यामुळे लहान हातांना ती सोपी जाते. विजेविना तिचा आवाज मात्र बारीक वाटतो. दोन्ही एकाच कंपनीच्या आणि एकाच किंमतपट्ट्यातील, पण त्यांचे प्रयोजन वेगळे. फेंडरची सीडी-६०एससीई हीसुद्धा अखंड टॉपची आहे आणि ती पहिल्या गटात मोडते. कॉर्ट, टाकामिने, आयबानेझ यांचेही या किमतीतील नमुने याच कसोटीवर पारखता येतील.

जाता जाता एक गोष्ट. अनेक जुन्या माहितीपत्रकांत बोटे ठेवण्याची पट्टी 'रोझवूड'ची लिहिलेली आढळते. हे रोझवूड पुष्कळदा आपल्या सह्याद्रीतही वाढणारी शिसव असते. २ जानेवारी २०१७ पासून शिसवीच्या सर्व जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा कित्येक कंपन्यांनी अक्रोड आणि इतर लाकडे वापरायला सुरुवात केली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली, तरी नवी लाकडे टिकून राहिली. अक्रोडाची पट्टी आहे म्हणून गिटार हलकी समजू नये.

आपले ख्रिस्तमंदिर काय ऐकते?

दुसरा प्रश्न ध्वनिव्यवस्थेचा आहे. उंच छताच्या दगडी ख्रिस्तमंदिरात आवाज बराच वेळ घुमत राहतो. रुंद अंगाची 'ड्रेडनॉट' गिटार मोकळ्या मैदानात भारदस्त वाटते. अशा वास्तूत मात्र तिचे खर्जातील स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात आणि गीताचे शब्द बुडतात. मध्यम आकाराची 'कॉन्सर्ट' घडणीची गिटार येथे अधिक स्वच्छ ऐकू येते. ड्रेडनॉट घेतलीच तर प्रीॲम्पवरील खर्जाचे बटण कमी ठेवावे. शक्तिशाली खर्जाचे कौतुक दुकानात होते, तक्रार शेवटच्या बाकावरून येते.

वेदीपासून मिक्सरपर्यंतचे अंतरही मोजून ठेवावे. गिटारची साधी केबल पाच-सहा मीटरपर्यंत ठीक चालते. त्यापुढे गुणगुण आणि खरखर शिरण्याची शक्यता वाढते. लांब अंतरासाठी 'डीआय बॉक्स' नावाची छोटी पेटी वापरतात. ती गिटारचा संकेत मायक्रोफोनच्या तीन टोकांच्या केबलमधून नेण्याजोगा करते. सर्व पैसे गिटारवरच खर्च करून या पेटीसाठी काही न उरणे, ही आपल्या खरेदीतील नेहमीची उणीव आहे. एकूण रकमेचा पाचवा हिस्सा पेटी, केबल, डीआय बॉक्स, पट्टा, तारांचा जादा संच आणि कारागिराची मजुरी यांसाठी आधीच बाजूला काढावा. ३० हजार जमले असतील तर दुकानात २४ हजारांचीच गिटार मागावी.

प्रीॲम्पवरील सोयींना भुलू नये. आवाजाचे बटण, खर्ज-मध्य-तार यांची तीन बटणे आणि स्वर जुळवण्याचा 'ट्यूनर' एवढे पुरेसे आहे. शीळ रोखणारे 'फेज' बटण असेल तर उत्तम. गिटारमधूनच प्रतिध्वनी देणारी यंत्रणा या किमतीत घेण्यात अर्थ नाही. प्रतिध्वनी आपल्या ख्रिस्तमंदिरांत मुळातच पुरेसा आहे! शिवाय विद्युतयंत्रणा मागाहून बदलता येते. गोल छिद्रात अडकवण्याचा चुंबकीय संवेदक लोखंडी तारांच्या कोणत्याही साध्या गिटारला, एकही भोक न पाडता, बसवता येतो. वाकडी मान किंवा वाईट लाकूड मात्र बदलता येत नाही. म्हणून कोणाच्या घरी चांगली, पण विजेविना असलेली गिटार पडून असेल, तर नवी घेण्याआधी हा मार्ग अवश्य विचारात घ्यावा.

दुकानात अर्धा तास

खरेदीला जाताना जो प्रत्यक्ष वाजवणार आहे त्यालाच न्यावे. हे सांगण्याची गरज भासू नये, पण भासते. मुंबईत धोबी तलाव परिसरात वाद्यांची जुनी दुकाने आहेत. तेथे दोन-चार गिटारी शेजारी ठेवून तुलना करता येते. इंटरनेटवर किंमत कमी दिसली तरी तेथे लाकूड हातात येत नाही, आणि एकाच नमुन्याच्या दोन गिटारीही अगदी सारख्या नसतात.

प्रथम गिटार डोळ्यासमोर धरून मानेवरून, बंदुकीच्या नळीवरून नेम धरावा तसे, खाली पाहावे. मान किंचित आत झुकलेली असणे योग्य. पीळ पडलेला असेल तर ती गिटार तेथेच ठेवावी. नंतर बाराव्या 'फ्रेट'वर, म्हणजे बाराव्या धातूच्या पट्टीवर, तारेची उंची पाहावी. जाड तारेखाली साधारण अडीच मिलिमीटर आणि बारीक तारेखाली दोनच्या आसपास असेल तर बोटांना त्रास होत नाही. उंची जास्त असेल तर सॅडल घासून ती कमी करता येते. यासाठी सॅडलचा भाग ब्रिजच्या वर पुरेसा उरलेला आहे ना, हे पाहावे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागदाचा कपटा सरकवून पाहावा. तो आत शिरला तर ब्रिज सुटू लागला आहे. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून खरखर ऐकावी. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा स्वर आणि तेथेच दाबून निघणारा स्वर ट्यूनरवर जुळतो का, हेही तपासावे. जुळत नसेल तर गिटार वरच्या स्वरांत कायम बेसूर राहील आणि त्याचा दोष बिचाऱ्या गायकांवर येईल.

मग ती विजेला जोडावी. दुकानदार बहुधा आपला सर्वांत महाग ॲम्प पुढे करतो; त्याला साधा की-बोर्डचा ॲम्प किंवा मिक्सर मागावा, कारण आपल्याकडे तेच असते. सर्व बटणे मध्यावर ठेवून एकेक तार सारख्या जोराने छेडावी. एखादी तार दबलेली वाटली तर सॅडल संवेदकावर नीट बसलेले नाही. हा दोष दुरुस्त होतो, पण विकत घेण्यापूर्वीच करून मागावा. केबल हलवून खटखट होते का, ते पाहावे. प्रीॲम्प काम करतो तो बॅटरीवर, बहुधा ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर. ती बदलण्याची जागा सहज उघडते ना, हेही बघावे.

वापरलेली गिटार घेण्यास हरकत नाही. २० हजारांत नवीपेक्षा बरी गिटार त्या मार्गाने मिळू शकते. अट एवढीच की मान, ब्रिज आणि केबलचे छिद्र या तीन जागा पारखून घ्याव्यात; किनारपट्टीवरील जुन्या गिटारीच्या या छिद्रात गंज चढलेला असू शकतो.

गिटार घरी आल्यावर

देखभालीचे काम थोडे आहे, पण ते कोणाच्या तरी नावावर असले पाहिजे. केबल जोडली की प्रीॲम्प सुरू होतो आणि काढली की बंद होतो. ती जोडलेलीच राहिली तर पुढच्या रविवारी प्रवेशगीताच्या वेळी बॅटरी संपलेली असते. म्हणून मिस्सा संपताच आधी केबल काढावी. वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या ओलावल्या की बदलाव्यात. गिटार आठवडाभर वाजणार नसेल तर तारा थोड्या सैल करून ठेवाव्यात. विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात याच पेटीत, छिद्रे पाडलेल्या साबणाच्या डबीत, पिळून घेतलेला ओला स्पंज ठेवावा. बंद मोटारीत गिटार कधीही ठेवू नये. उन्हात तापलेला डिंक ब्रिज सोडून देतो.

खरेदीची पावती आणि गिटारवरील अनुक्रमांक धर्मग्रामाच्या मालमत्तेच्या नोंदवहीत लिहून ठेवावेत. नोंद कोणाच्या ताब्यात, कोणत्या तारखेपासून, अशी असावी. आणि पहिला पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, गिटार एकदा कारागिराकडे नेऊन मान आणि तारांची उंची जुळवून घ्यावी. नाताळच्या गीतांच्या सरावाला तोवर सुरुवात झालेली नसते आणि कारागिरालाही सवड असते.